घरच्या स्टिरिओसाठी अ‍ॅम्प्लिफायर : पंचवीस हजारांत काय घ्यावं?

जवारी

नमस्कार मंडळी. हॉलसाठी स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचाय. बजेट २५ हजार, फार तर २७-२८ पर्यंत ताणता येईल. हॉल ११ बाय १५ फूट, सोसायटीतला फ्लॅट, भिंतीला भिंत लागून शेजारी. बुकशेल्फ स्पीकरची जोडी घरात आहे. मागच्या पाटीवर ६ ओहम आणि ८६ डेसिबल लिहिलंय. बाबांचा टर्नटेबल दुरुस्त होऊन आलाय, त्याला नवीन एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, बसवलंय.

ऐकणं म्हणाल तर शास्त्रीय, नाट्यसंगीत, जुनी भावगीतं. बायकोला गझल लागते, मुलगी फोनवरून लावेल ते. टीव्हीचा आवाजही यातूनच यावा अशी इच्छा आहे. मला निवांत ऐकायला मिळतं ते रात्री जेवणं झाल्यावर, म्हणजे आवाज बारीकच.

एका दुकानात गेलो तर त्यांनी विचारलं, स्पीकर किती वॉटचे? शंभरचे म्हटल्यावर, मग दोनशेचा अ‍ॅम्प घ्या. दुसऱ्या दुकानात टू पॉइंट वन (दोन छोटे स्पीकर आणि बेसचा एक डबा) गळ्यात मारायला बघत होते. नेटवर तळहातावर मावतील असे छोटे डबे दिसतात, त्यांवरही शंभर-शंभर वॉट लिहिलेलं असतं. तर किती वॉट लागतात, नवा घेऊ की जुना, आणि ते छोटे डबे खरंच चालतात का? जाणकारांनी सांगावं.

मंद्रसप्तक

चांगला विषय काढलात. मीही याच वाटेवर आहे, त्यामुळे वाचतोय. सोल्डरगन, तुम्हीच लिहा आता.

सोल्डरगन

जवारी, तुम्ही खोलीचं माप आणि स्पीकरचे आकडे दिलेत हे फार बरं केलंत. बहुतेक जण फक्त बजेट सांगतात आणि मग कोणी काहीही सुचवतं.

आधी वॉटचा हिशोब करू. ८६ डेसिबल म्हणजे साधारण एक वॉट दिल्यावर स्पीकरसमोर एक मीटरवर एवढा आवाज. तुम्ही तीन मीटरवर बसणार. बंद खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो, म्हणून घट सहाएक डेसिबलची धरा. दोन स्पीकर आहेत, त्याचे तीन परत मिळाले. म्हणजे प्रत्येक स्पीकरला एक वॉट दिला तर तुमच्या सोफ्यावर ८३ डेसिबल. घरात शेजाऱ्यांची तक्रार येण्याइतका आवाज हा. रोजचं मन लावून ऐकणं सरासरी ७५ च्या आसपास होतं, त्याला वॉटचा सहावा भाग पुरतो.

मग मोठा अ‍ॅम्प कशाला? तर क्षणिक उसळीसाठी. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये तबल्याची थाप सरासरीपेक्षा १५-२० डेसिबल वर जाते. ७५ अधिक २० म्हणजे ९५. एका वॉटला ८३, दहा वॉटला ९३, सोळा वॉटला ९५. झालं. थोडी जागा हाताशी ठेवून ३० ते ४० खरे वॉट तुमच्या हॉलला भरपूर आहेत. आणि चाळीसाचे ऐंशी केलेत तर वाढ फक्त तीन डेसिबलची. दुप्पट पैशांत तुमच्या कानाला मिळणार जेमतेम एक पायरी. दुप्पट मोठं वाटायला दहापट वॉट लागतात.

दुकानदार स्पीकरच्या पाटीवरचा १०० चा आकडा बघून अ‍ॅम्प सुचवतात, ते उलटं आहे. तो आकडा स्पीकर किती सहन करेल त्याचा. त्याला किती लागतात हे डेसिबलचा आकडा सांगतो.

ओहमकार

सोल्डरगन यांना अनुमोदन, फक्त एक पुरवणी. हल्ली बऱ्याच कंपन्या डेसिबलचा आकडा एका वॉटला न देता २.८३ व्होल्टला देतात. ८ ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युतरोध) २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॉट, पण ४ ओहमला तेच दोन वॉट होतात. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरवर ८७ लिहिलं असेल तर एका वॉटला तो ८४ च धरा. जवारींच्या ६ ओहमला फरक सव्वा डेसिबलचा पडेल. अ‍ॅम्प घेताना त्याच्या मागे स्पीकरसाठी किमान किती ओहम छापलंय तेही बघा. काही स्वस्त मॉडेलं ८ च्या खाली नको म्हणतात.

मंद्रसप्तक

"खरे" वॉट म्हणजे काय? खोटे कसे ओळखायचे?

सोल्डरगन

पीएमपीओ (क्षणिक कमाल ताकद) लिहिलं असेल तर तो आकडा विसरून जा, त्याला कसलंच मोजमाप नाही. आरएमएस (सतत मिळणारी ताकद) लिहिलं असलं तरी पुढचं वाचा : किती ओहमला, कुठल्या कंपनसंख्येपासून कुठपर्यंत, किती टक्के विकृतीला (डिस्टॉर्शनला), आणि दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालवून की एकच. अमेरिकेत १९७० च्या दशकात जाहिरातींतल्या वॉटचा असाच बाजार झाला होता, तेव्हा तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने १९७४ मध्ये मोजायची रीत नियमानं ठरवून दिली. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनेल चालू, विकृती अमुक टक्क्यांच्या आत असं ज्याच्या कागदावर आहे त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. एकच किलोहर्ट्झला आणि १० टक्के विकृतीला मोजलेले वॉट असतील तर ते ऐकण्यालायक वॉट नव्हेत. दहा टक्क्यांना सतार चिरकते.

छोट्या डब्यांबद्दल. ते वाईट नाहीत, त्यांच्यावर छापलेला आकडा वाईट आहे. त्यातल्या पुष्कळांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ ही चिप असते. कंपनीचा स्वतःचा कागद म्हणतो, २४ व्होल्टवर ८ ओहमला दोन्हीकडे ३०-३० वॉट, आणि तेही १० टक्के विकृतीला. स्वच्छ धरायचे तर वीस-बावीस. तुमच्या कामाला तेही पुरतील, पण मग शंभर का छापायचे?

डब्याचा अ‍ॅडॉप्टर हातात घेऊन बघा. २४ व्होल्ट, ४.५ अँपिअर लिहिलंय? गुणाकार करा, १०८ वॉट. भिंतीतून डब्यात जाणार तेवढेच. यातून दोन्हीकडे शंभर-शंभर सतत बाहेर येणं शक्यच नाही. हा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या करता येतो आणि कोणी फसवू शकत नाही.

टीपीए ३२५५ ही मोठी चिप असेल आणि सोबत ३२ किंवा ४८ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर असेल तर ताकदीची काळजी मिटली. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. यांच्या बाहेरच्या फिल्टरमुळे काही मॉडेलांत वरच्या पट्टीचा बाज स्पीकरच्या ओहमप्रमाणे थोडा बदलतो. फिल्टरनंतरचा फीडबॅक घेतलेल्या मॉडेलांत हा दोष बराच कमी होतो. आणि या डब्यांचा काळा टर्मिनल जमिनीला जोडलेला नसतो. डाव्या-उजव्याचे काळे एकत्र जोडू नका, चिप जाईल.

रसिक_सोलापूर

मी जरा वेगळं मत मांडतो. हे सगळं आकड्यांचं ठीक, पण जुन्या अ‍ॅम्पची मजा यांत नाही. आमच्याकडे कॉस्मिकचा अ‍ॅम्प आजही चालू आहे. कोलकात्याच्या सोनोडाइनचे जुने अ‍ॅम्पही नीट शोधलेत तर सापडतात. लोखंडी पेटी, मोठा ट्रान्सफॉर्मर, उचलताना दोन हात लागतात. नाट्यगीत लावलं की ऑर्गन कसा भरून येतो! २५ हजारांत असा एक घ्या आणि उरलेल्या पैशांच्या रेकॉर्डी घ्या.

सोल्डरगन

रसिकराव, तुमचा अ‍ॅम्प सांभाळलेला आहे म्हणून तो तसा वाजतो. चोरबाजारात किंवा ऑनलाइन जाहिरातीतून अनोळखी जुना घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. चाळीस वर्षांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात, मग बेस ढिला पडतो आणि घोंघों मागे लागते. आउटपुट ट्रान्झिस्टर कोणी तरी कधी तरी बदललेले असतात, आणि बाजारात मिळणारे ५२००-१९४३ खरे तोशिबाचे असतीलच असं नाही, छाप तीच असते. सान्योच्या एसटीके आयसीवर चालणारा सेट असेल तर अजून सावध राहा. त्यातल्या बऱ्याच आयसी आता बनत नाहीत, नकली मात्र भरपूर मिळतात. पाच पिनांची डीन सॉकेटं असतील तर आरसीएची (लाल-पांढऱ्या पिनांची) जुळणी करून घ्यावी लागेल ते वेगळंच.

जुना घ्यायचाच तर दहा-बारा वर्षांच्या आतला, भारतात २३० व्होल्टसाठी विकलेला, नावाजलेल्या कंपनीचा प्रवेशपातळीचा अ‍ॅम्प घ्या. घरातले लोक साउंडबारकडे वळले की असे सेट कपाटातून बाहेर येतात. वापर कमी झालेला असतो आणि किंमत नव्याच्या निम्म्यावर आलेली असते.

बघायला जाताना मल्टिमीटर न्या. स्पीकर न जोडता चालू करा, आवाज शून्यावर, आणि स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवेत, वीसच्या आत असतील तर उत्तम. चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या स्विचचा) टक आवाज यायला हवा. प्रत्येक नॉब सावकाश फिरवा. खरखर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते, पण एक बाजू मध्येच गायब होत असेल तर सोडून द्या. मालकाला तासभर वाजवू द्यायला सांगा आणि झाकणावर हात ठेवून बघा. कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर नको.

ओहमकार

असेंबल करून घेण्याचा पर्यायही आहे. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला एलएम ३८८६ चा बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, पेटी सगळं मिळतं. ही चिप ±२८ व्होल्टवर ८ ओहमला ३८ वॉट स्वच्छ देते. घरात मुलं असतील आणि शिकायची हौस असेल तर यासारखं समाधान नाही. फक्त ट्रान्सफॉर्मर, अर्थिंग आणि स्पीकर प्रोटेक्शन यांत काटकसर करू नये, आणि बोर्डावरची आयसी असली आहे याची खात्री जिथे देतात तिथूनच घ्यावी.

परदेशी_पाहुणा

मी न्यू जर्सीत असतो, दिवाळीत येतोय. इथे सेकंडहँड अ‍ॅम्प फार स्वस्त मिळतात. जवारी, सांगत असाल तर एखादा आणू का?

सोल्डरगन

मन मोठं आहे तुमचं, पण नका आणू. तिथला अ‍ॅम्प १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. इथे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर कायमचा लावून ठेवावा लागेल, शिवाय फक्त ६० साठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो. आणि एखाद्या दिवशी घरातलं कोणी थेट भिंतीत पिन खुपसली की संपलं. मागे व्होल्टेज सिलेक्टर असलेलं मॉडेल असेल तरच विचार करा. स्टायलस (टर्नटेबलची सुई) आणलात तर मात्र आनंदानं घेतील. हलका असतो.

तळकोकण

आमच्याकडच्या हवेचा अनुभव लिहितो, पावसाळी भागातल्या कोणालाही उपयोगी पडेल. दमट हवेत रिलेचे आणि सिलेक्टरचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, मग एक बाजू बारीक होते आणि नॉब जरा हलवला की परत येते. लोक आउटपुट गेलं समजून उघडायला देतात. पावसाळ्यात अ‍ॅम्प रोज थोडा वेळ तरी चालू ठेवावा, आतल्या उबेनं ओल सुटते. वर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर फुलदाणी अजिबात नको, झाकणाची जाळी मोकळी पाहिजे. आणि ढग गडगडायला लागले की नुसता स्विच बंद करून भागत नाही, पिन काढावी. केबलची वायर जोडली असेल तर तीही.

मंद्रसप्तक

जवारींनी रात्री बारीक आवाजात ऐकण्याचा उल्लेख केलाय त्यावर कोणी बोललं नाही. माझाही प्रश्न तोच आहे. माझ्या आत्ताच्या सेटवर बारीक केलं की तंबोरा एकाच बाजूला सरकतो आणि डग्गा नाहीसा होतो.

सोल्डरगन

हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी निवड खरं तर याच्यावरच व्हायला हवी. यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

तंबोरा सरकतो तो आवाजाच्या नॉबमुळे. स्टिरिओ व्हॉल्यूम म्हणजे एका दांड्यावर दोन पोटेन्शिओमीटर. मधल्या भागात दोन्ही बरोबर चालतात, पण अगदी सुरुवातीच्या भागात दोघांच्या पट्ट्या जुळत नाहीत, एक बाजू आधी बोलायला लागते. आता स्वस्त अ‍ॅम्पच्या कंपन्यांना हौस अशी, की नॉब जरा फिरवला की दणका बसला पाहिजे. म्हणून वर्धन (गेन) जास्त ठेवतात. फोनला लावलेल्या डीएसीमधून (डिजिटल सिग्नल अ‍ॅनालॉग करणाऱ्या डबीतून) किंवा सीडी प्लेअरमधून दोन व्होल्ट येतात, आणि रात्रीचं ऐकणं नॉबच्या पहिल्या पाचव्या हिश्श्यातच संपतं. म्हणजे नेमकं त्या बिघडलेल्या भागात. कोमल ऋषभाला तंबोऱ्याची जवारी दोन्ही कानांत सारखी भरायला हवी, ती डावीकडे झुकली की गाणारा आणि तंबोरा दोन वेगळ्या खोल्यांत बसल्यासारखे वाटतात. दुकानात मोठ्या आवाजात हे कधीच कळणार नाही. दुकानदाराला सांगा, पंखा बंद करा, नुसता तंबोरा लावा आणि नॉब शून्यापासून सावकाश वर न्या. मधला आवाज पहिल्यापासून मध्येच राहिला तर अ‍ॅम्प चांगला. तुमच्या आत्ताच्या सेटला तात्पुरता उपाय म्हणजे फोनचा आवाज कमी करून अ‍ॅम्पचा नॉब वर न्या.

याच वेळी कान स्पीकरजवळ नेऊन काही न लावता सूंऽऽ किती येतो तेही ऐका. खयालातला सुरुवातीचा आलाप इतका हळू असतो की त्यात हा सूं मिसळतो.

डग्गा नाहीसा होतो तो अ‍ॅम्पचा दोष नव्हे. आवाज कमी झाला की आपल्या कानांना खालची पट्टी जास्त वेगानं कमी ऐकू येते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख छापले होते. त्यावर उपाय म्हणून अ‍ॅम्पवर लाउडनेस असतो. हल्ली शुद्धतावादी मंडळी टोनचे नॉब नकोत म्हणतात, मला ते पटत नाही. रात्री ऐकणाऱ्याला ते हवेतच. यामाहाच्या ए-एस २०१ आणि ३०१ वर लाउडनेस कमी-जास्त करता येतो, नुसता चालू-बंद नाही, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते.

जवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं डोक्यात आलं : ३०-४० खरे वॉट, टोनचे नॉब, फोनो (टर्नटेबलसाठीचं वेगळं इनपुट), आणि रात्रीची परीक्षा. आता फोनो आणि टीव्हीबद्दल सांगाल का? फोनो नसलेला अ‍ॅम्प घेतला तर टर्नटेबल चालणारच नाही का?

ओहमकार

चालेल, पण मध्ये फोनो प्रीअ‍ॅम्प लागेल. एमएम कार्ट्रिजमधून पाचएक मिलिव्होल्ट येतात, साध्या इनपुटला त्याच्या कैक पट लागतात. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे स्वर दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात, ते आरआयएएच्या (रेकॉर्डसाठी ठरलेल्या) वक्रानुसार परत सरळ करावे लागतात. बेहरिंजरच्या पीपी ४०० सारखी छोटी पेटी हे काम करते. पण यामाहा ए-एस २०१, डेनॉन पीएमए-५२० एई, केंब्रिज एएक्सए ३५ यांत फोनो आतच आहे. यामाहाच्या आर-एस २०२ मध्ये ब्लूटूथ आणि एफएम आहे पण फोनो नाही, आणि केंब्रिजच्या एएक्सए २५ मध्येही नाही. नावं जवळजवळ सारखी असतात, म्हणून मागची बाजू स्वतः बघा. फोनोच्या शेजारी अर्थचा स्क्रू असतो, टर्नटेबलची पातळ वायर त्याला जोडायची, नाहीतर हम येणारच.

टीव्हीसाठी, वरच्या तीन फोनोवाल्यांत ऑप्टिकल (प्रकाशाच्या तारेचं डिजिटल) इनपुट नाही. ऑप्टिकल ते आरसीए असा छोटा डीएसी घ्या. तो लावून आवाज आला नाही तर बिघडला समजू नका, टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करा. डॉल्बीवर असेल तर साधा डीएसी गप्प बसतो. ब्लूटूथनं टीव्ही जोडला तर ओठ आणि शब्द यांचा मेळ चुकतो, तो मार्ग गाण्यापुरताच ठेवा.

रसिक_सोलापूर

आणि स्पीकरच्या वायरवर पैसे उडवू नका. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दोन तारांची लवचिक केबल इलेक्ट्रिकच्या दुकानातून मीटरवर घ्या. एवढ्या हॉलला तीच पुरेशी.

सोल्डरगन

बरोबर. पाच मीटर लांबीला जाऊन-येऊन ०.१२ ओहम होतात, ६ ओहमसमोर ते काहीच नाहीत.

जवारी

कळवायचं राहिलं होतं. आपल्याच शहरात एकांकडे डेनॉन पीएमए-५२० एई मिळाला, २३० व्होल्टचा, बिल आणि रिमोटसकट. ८ ओहमला ४५ वॉट. मल्टिमीटर घेऊन गेलो. डावीकडे ९ मिलिव्होल्ट, उजवीकडे १३. रिले वाजला. आवाजाच्या नॉबला खरखर नाही, बॅलन्सच्या नॉबला थोडी होती, पाच-सहा वेळा इकडून तिकडे फिरवल्यावर गेली. पंखा बंद करून तंबोरा लावला तेव्हा ते गृहस्थ जरा चकित झाले, पण मग स्वतःही शेजारी येऊन बसले. आवाज मध्येच राहिला, अगदी तळाशी किंचित डावीकडे झुकतो, पण मी ऐकतो त्याच्या खूप खाली. बजेटमधून दहा हजारांच्या वर उरले. त्यात ऑप्टिकलचा डीएसी, मुलीसाठी ब्लूटूथ रिसीव्हर आणि केबल झाली. टीव्ही पीसीएमवर केल्यावरच बोलला, ओहमकार यांचे विशेष आभार.

एक शंका : टीव्हीच्या रिमोटनं आता आवाज कमी-जास्त होत नाही. आई गोंधळते.

ओहमकार

बहुतेक टीव्हींचं ऑप्टिकल आउटपुट ठरावीक पातळीचंच असतं, त्यामुळे ते तसंच राहणार. आईंना अ‍ॅम्पच्या रिमोटवरच्या व्हॉल्यूमच्या दोन बटणांवर रंगीत टेप लावून द्या. किंवा डीएसीऐवजी टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून आरसीए केबल घ्या. त्याचा आवाज टीव्हीच्या रिमोटनं बदलतो. बातम्या-मालिकांना तेवढा दर्जा पुरतो.

मंद्रसप्तक

जवारी, अभिनंदन. वाचनखूण साठवली. मी रविवारी ए-एस २०१ ऐकायला जातोय, मल्टिमीटर आणि तंबोरा दोन्ही घेऊन. सोल्डरगन, माझे स्पीकर ८८ डेसिबल, ८ ओहम, खोली १० बाय १२. काही वेगळं बघायचं का?

सोल्डरगन

नाही, तुम्हाला तर अजून कमी वॉट लागतील. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढून ऐका, आणि लाउडनेस आधी बंद ठेवून मग हळूहळू वाढवा. डग्ग्याची घसीट स्पष्ट व्हायला लागली की थांबा. तो नॉब कुठे थांबला ते इथे लिहा.